गाडीचा मीटर बदलण्याआधी कायदा समजून घ्या

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून पुण्याला परतलेल्या आमच्या एका तरुण मित्राच्या मोबाईलवर आठवडाभरात दोन ई-चलन आली. दोन्ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची, दोन्ही वेगमर्यादा ओलांडल्याची. मर्यादा ताशी १०० किलोमीटरची. कॅमेऱ्याने टिपलेला वेग जाताना १०७ आणि येताना १०८. गाडीत त्याची आई, मावशी आणि वस्तीतल्या दोन आजी होत्या. तो कळवळून सांगत होता, "दादा, मीटरवरचा आकडा शंभरच्या वर गेलाच नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन चाललो होतो, मी मुद्दाम बघत होतो."

तो आमच्याकडे आला तो कॅमेऱ्याविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला. कार्यकर्ते म्हणून आमचाही पहिला कल त्याच्याच बाजूने होता. चुकीच्या चलनाचा त्रास सामान्य माणसालाच जास्त होतो, हे आम्ही रोज पाहतो. पण अर्ज लिहिण्याआधी आम्ही गाडी पाहायला गेलो. गाडी जुनी घेतलेली, कर्जावर. मूळ मीटर काढून तिथे बाजारातला रंगीत डिजिटल मीटर बसवलेला. दिवाळीत चाकेही बदललेली, मोठी आणि रुंद. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर आम्ही गाडी काढली. त्याने मीटरवर ८० धरले आणि शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याने मोबाईलवर जीपीएसचा वेग पाहिला. तो ८७ होता. तीनदा पाहिले, तीनदा तेच.

कॅमेरा बरोबर होता. खोटे बोलत होता तो मीटर. मित्र प्रामाणिक होता, पण त्याच्या प्रामाणिकपणाचा आधारच चुकीचा होता.

वस्तीवस्तीत तरुण मुले हौसेने गाड्या सजवतात. त्या हौसेला आमचा विरोध नाही. कष्टाच्या पैशांतून घेतलेली पहिली गाडी चांगली दिसावी असे कुणालाही वाटेल. पण वेग दाखवणारा मीटर हा सजावटीचा भाग नाही. कायद्याने गाडीत असलाच पाहिजे असे ते एक मोजमापाचे साधन आहे. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ स्पीडोमीटरबद्दल आहे. काही अपवाद सोडले तर प्रत्येक मोटार वाहनाला वेग दाखवणारे उपकरण असले पाहिजे, आणि ते चालकाला गाडीचा वेग दिसेल अशा जागी बसवलेले असले पाहिजे. हे उपकरण कसे चालावे यासाठी नियमात आयएस ११८२७ या भारतीय मानकाचा आधार घेतला आहे. म्हणजे नुसता आकडा दाखवणारा डबा बसवला की काम झाले, असे नाही. तो आकडा ठरलेल्या मर्यादेत बरोबर असावा लागतो. हा नियम फक्त चारचाकीपुरता नाही, दुचाकीवाल्यांनीही तो लक्षात ठेवावा.

"मर्यादेत बरोबर" म्हणजे किती? जगातल्या अनेक देशांत संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम पाळला जातो. त्यातले सूत्र समजायला सोपे आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, एवढाच. म्हणजे गाडीचा खरा वेग ४० असेल तर मीटरने ४० ते ४८ च्या दरम्यान दाखवावे. खरा वेग ६० असेल तर ६० ते ७०. खरा वेग ८० असेल तर ८० ते ९२.

यामागचा विचार साधा आहे. मीटर थोडा जास्त वेग दाखवत असेल तर चालक थोडा हळू जाईल, त्यात कुणाचे नुकसान नाही. पण मीटर कमी वेग दाखवत असेल तर चालक नकळत जोरात जाईल आणि त्याची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजेल. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या मूळ मीटरवर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच आकडा दिसतो. आमच्या मित्राच्या मीटरची चूक नेमकी उलट्या, धोक्याच्या बाजूची होती.

मीटर चुकतो कसा?

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी केबल असायची. आता सेन्सर असतो आणि तो विजेचे ठोके पाठवतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा हिशोब कंपनीने मूळ टायरच्या मापावरून बसवलेला असतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशोबाने आकडा दाखवत राहतो.

एक उदाहरण करून पाहू. मूळ टायरवर १६५/८० आर १४ असे माप आहे. यात १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशोब केला तर चाकाचा एकूण व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो. त्याऐवजी २०५/६५ आर १६ टायर बसवला तर व्यास होतो सुमारे ६७३ मिलिमीटर. म्हणजे चाक साडेआठ टक्क्यांनी मोठे झाले. पूर्वी अचूक असलेला मीटर आता ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ८७ ने धावत असेल. १०० दाखवेल तेव्हा १०८ ने.

हा फरक छोटा वाटतो, पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ८० ऐवजी ८७ ने धावणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यापासून थांबायला सुमारे १८ टक्के जास्त अंतर लागते. समोर अचानक आलेल्या माणसासाठी ते अंतर जगण्या-मरण्याचे असू शकते.

बाजारातून आणलेल्या डिजिटल मीटरला टायरच्या मापाप्रमाणे सेटिंग करावे लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. आमच्या मित्राने मीटर आधी बसवला आणि टायर नंतर बदलले. सेटिंग पुन्हा कुणी केलेच नाही. गॅरेजवाल्याने सांगितले नाही, त्यालाही विचारायचे सुचले नाही.

काही जण जीपीएसवर चालणारा मीटर लावतात. टायर बदलला तरी त्याचा हिशोब बिघडत नाही, हे खरे. पण त्याला आकाशातून संकेत मिळावा लागतो. द्रुतगती मार्गावरच्या भाताण, माडप यांसारख्या बोगद्यांत तो अडखळतो. अचानक वेग वाढवला किंवा ब्रेक दाबला की आकडा क्षणभर मागे राहतो. म्हणून मूळ मीटरच्या जोडीला तो ठीक आहे, मूळ मीटर काढून त्याच्या जागी नको.

कोणते कलम कुठे लागते?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफाराबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रातली, म्हणजे आरसीवरची माहिती आणि कंपनीने मुळात ठरवलेली रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात ही गोष्ट ठामपणे सांगितली. कंपनी गाडीचा नमुना तपासून मंजूर करून घेते. पुण्यातील एआरएआय आणि अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या अशा तपासणी संस्थांपैकी दोन, आपल्याच महाराष्ट्रातल्या. त्या मंजूर रचनेशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. सीएनजी किटसारख्या बदलांना कायद्यात वाट आहे, पण तीही मंजूर किट आणि आरसीवर नोंद या अटींनीच.

मग नुसता मीटर बदलला तर कलम ५२ लागते का? इथे नीट समजून घेतले पाहिजे. मीटरची नोंद आरसीवर नसते. बिघडलेला मीटर काढून त्याच मॉडेलचा मूळ मीटर बसवणे ही दुरुस्ती आहे, त्यात गैर काही नाही. पण मानकात न बसणारा, चुकीचा वेग दाखवणारा मीटर बसवला तर नियम ११७ चे पालन होत नाही. आणि मीटरच काढून टाकला किंवा बंद ठेवला तर नियम सरळच मोडला जातो.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार कायद्यात किंवा नियमांत परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या, सुटे भाग बसवून फेरफार करणाऱ्याही, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. यातले "मालक" आणि "प्रत्येक फेरफारासाठी" हे शब्द लक्षात घ्या. आपल्याकडे गाडी मुलगा चालवतो, पण आरसीवर नाव बऱ्याचदा वडिलांचे किंवा आईचे असते. हौस मुलाची आणि नोटीस वडिलांच्या नावाने, असे होऊ शकते.

कलम १९० वेगळे आहे. गाडीतला जो दोष धोकादायक आहे आणि चालकाला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, असा दोष असताना गाडी चालवली तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "मला माहीत नव्हते" हे उत्तर इथे पुरत नाही, कारण कायदा विचारतो, साधी काळजी घेतली होती का?

आणि वेगमर्यादा मोडल्याबद्दलचे कलम १८३. हलक्या मोटार वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये दंड. गाडी खरोखर किती वेगाने होती एवढेच तिथे पाहिले जाते. मीटर काय दाखवत होता याला बचाव म्हणून किंमत नाही.

आणखी एक मुद्दा नव्या गाड्यांचा. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी कारमध्ये वेगाचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ताशी ८० च्या पुढे गेल्यावर ती चालकाला सावध करते आणि १२० च्या पुढे सतत वाजत राहते. कंपनीने गाडीत बसवलेली ही यंत्रणा मीटरच्या जुळणीशी जोडलेली असते. संपूर्ण क्लस्टर काढून बाजारातला बसवला की सुरक्षेचा हा आवाजही गप्प होण्याची शक्यता असते.

विमा आणि गाडीची विक्री

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. अपघातात जखमी झालेल्या बाहेरच्या माणसाला भरपाई मिळावी यासाठी तो आहे. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना विमा कंपनी पाहणी करणारा माणूस पाठवते. कंपनीला न कळवलेला फेरफार दिसला की दावा कमी करण्याचे किंवा नाकारण्याचे कारण मिळते. कर्जावरची गाडी असेल तर गाडीही गेली आणि हप्तेही राहिले, अशी वेळ येते. म्हणून कोणताही बदल केला तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्या.

दुसरी गोष्ट किलोमीटरची. मीटर बदलला की गाडी एकूण किती चालली तो आकडाही बदलतो. नवा मीटर शून्यापासून सुरू होतो, किंवा दुकानदार हवा तो आकडा टाकून देतो. गाडी विकताना हे लपवले तर ती घेणाऱ्याची फसवणूक ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होऊ शकते. जुनी गाडी घेणारे बहुतेक आपलेच लोक असतात, हेही विसरू नये. म्हणून मीटर काढण्याआधी जुन्या आकड्याचा फोटो काढा, बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि जुना मीटर फेकू नका.

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांसाठी

आपल्या समाजातले अनेक तरुण पिवळ्या पाटीची गाडी चालवून घर चालवतात. त्यांच्यासाठी हा विषय थेट पोटाशी जोडलेला आहे. व्यावसायिक गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे आणि त्यानंतर दरवर्षीचे. नियम ६२ मधील तपासणीच्या यादीत ब्रेक, दिवे, वायपर यांच्यासोबत स्पीडोमीटरही आहे. मीटर बंद किंवा चुकीचा असेल तर गाडी नापास होऊ शकते. तेवढे दिवस गाडी उभी, धंदा बंद आणि हप्ता चालू.

भाड्याचा मीटर आणि वेगाचा मीटर यांत गल्लत करू नका. रिक्षा-टॅक्सीचा भाडे मीटर वैधमापन खात्याच्या अखत्यारीत येतो आणि त्याची तपासणी व सील वेगळे असते. तो बरोबर आहे म्हणून स्पीडोमीटर बरोबर आहे, असे होत नाही.

घरच्या घरी तपासणी

मीटर बरोबर आहे का हे पाहायला पैसे लागत नाहीत. सोबत एक माणूस हवा, कारण चालकाने मोबाईल हातात घ्यायचा नाही.

पहिली पद्धत जीपीएसची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मीटरवर ४०, ६० आणि रस्त्याची मर्यादा असेल तर ८० हा वेग प्रत्येकी काही वेळ स्थिर ठेवा. शेजारच्याने जीपीएसचा वेग लिहून घ्यावा. मोबाईलचा आकडा मीटरपेक्षा जास्त येत असेल तर मीटर धोक्याच्या बाजूला चुकतो आहे.

दुसरी पद्धत किलोमीटरच्या दगडाची. वेग ताशी ६० असेल तर एक किलोमीटर कापायला बरोबर ६० सेकंद लागतात. ४० ला ९० सेकंद, ८० ला ४५ सेकंद. मीटरवर ६० धरून एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ५५ सेकंदांत पोचलात, तर गाडी ६५ च्या वेगाने चालली आहे.

तिसरी गोष्ट, टायरचे माप. कंपनीने दिलेले माप बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. टायरवरचे माप त्याच्याशी जुळवून पाहा. जुनी गाडी विकत घेतानाही हे आधी पाहा.

मीटर बदलायचाच असेल तर

शक्यतो त्याच मॉडेलचा मूळ मीटर घ्या. हौसेसाठी डिजिटल हवा असेल तर मूळ मीटर जागेवर चालू ठेवून दुसरा जोडीला लावा, आणि समोरचा रस्ता झाकणार नाही असा लावा. मूळ मीटर काढावाच लागला तर नवा मानकाप्रमाणे आहे का हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. टायर बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्या. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.

बिलाचा आग्रह धरण्याचे कारण आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू किंवा चुकीची सेवा दिल्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. पण हातात बिलच नसेल तर आपण त्या दुकानातून वस्तू घेतली हेच सिद्ध करता येत नाही. आमच्या मित्राकडे बिल नव्हते. पाचशे रुपये कमी होतील म्हणून त्याने घेतले नव्हते.

समाजशास्त्र शिकताना विषमतेबद्दल आम्ही बरेच वाचले. पण ती प्रत्यक्षात अशीही दिसते. ऐपत असलेला माणूस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातो, तिथे हिशोब बरोबर होतो, कागद मिळतो. आपला मुलगा रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये जातो, कागदाशिवाय काम करून घेतो, आणि चूक झाली की दंड, फिटनेस, विमा सगळीकडे एकटाच अडकतो. पैशाची दरी आपण एका दिवसात भरू शकत नाही. माहितीची दरी मात्र आपण आपसात भरून काढू शकतो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात नोंदले आहे. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत आणि मेलेल्यांत सर्वाधिक वाटा तरुण व मध्यमवयीन माणसांचा आहे. म्हणजे घर चालवणाऱ्यांचा.

आमच्या मित्राने तक्रार अर्ज परत घेतला आणि दोन्ही दंड भरले. मूळ मापाचे जुने टायर त्याने घरी ठेवले होते, ते पुन्हा बसवले. माळ्यावर पडलेला मूळ मीटरही दुरुस्त करून लावला. नंतर आम्ही पुन्हा तपासले. मीटरवर ८०, मोबाईलवर ७७. तो हसला आणि म्हणाला, "आता आईला घेऊन जायला हरकत नाही."

१४ एप्रिल जवळ आला की मंडळांच्या बैठका होतात. रॅलीत कोणत्या गाड्या असतील, कोण चालवेल, हे ठरते. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी रात्रभर गाड्या निघतात. आमची विनंती एवढीच आहे की त्या बैठकीत एक काम जास्तीचे ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक गाडीचे टायरचे माप आणि मीटर तपासा, आणि तपासणाऱ्याचे नाव कागदावर लिहा. एका गाडीला अर्धा तास लागतो.